पाहुणेपट्टी

"आई, तीन मिनिटं म्हणजे तीनच. त्यापुढे बोललीस तर माइक बंद करतात," असं म्हणून अजयनं छापलेला कागद सुमनपुढे सरकवला.

सुमन डायनिंग रूममधल्या टेबलांवरचे टेबलक्लॉथ गोळा करत होती. कागदाकडे तिनं नुसतं पाहिलं आणि श्रीखंडाचा डाग पडलेला टेबलक्लॉथ वेगळा काढून ठेवला. आदल्या दिवशी डॉक्टरांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, शशीचं, सहस्रचंद्रदर्शन झालं होतं. लेकीनं, मधुमतीनं, एक्याऐंशी दिव्यांचं ताट धरलं होतं, आणि फायर अलार्म वाजू नये म्हणून अजय सगळा वेळ स्टुलावर उभा राहून टॉवेल हलवत होता. 'ओसरी' या त्यांच्या गेस्टहाउसच्या आठही खोल्या आप्तेष्टांनी भरल्या होत्या. एकेचाळीस वर्षांत प्रथमच, 'जागा शिल्लक नाही' ही पाटी लागूनही घरात एक पेनी आली नव्हती, आणि सुमनला त्याचा फार आनंद झाला होता.

"वाच ना," अजय म्हणाला. "पाच मुद्दे आहेत. ऑफिसमध्ये प्रेझेंटेशन करतो तसं केलंय."

अजय मिल्टन कीन्सहून आला होता. मंगळवारपर्यंत त्यानं रजा काढली होती, ती या पाच मुद्द्यांसाठीच. वेल्सच्या सरकारनं नवा कायदा करून कौन्सिलांना एक अधिकार दिला होता. रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्या प्रवाशाकडून हॉटेल-गेस्टहाउसमध्ये माणशी एक पौंड तीस पेन्स घेता येणार होते. घ्यायचे की नाही ते ज्या त्या कौन्सिलनं ठरवायचं. डॉक्टरांनी या कराला लगेच नाव ठेवलं होतं, पाहुणेपट्टी. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी पाहुणेपट्टी.

ॲबरवेनचं, म्हणजे त्यांच्या गावाचं, कौन्सिल मंगळवारी सकाळी लोकांचं म्हणणं ऐकणार होतं. गावातल्या गेस्टहाउसवाल्यांच्या संघटनेचा विरोध होता, आणि त्यांच्या वतीनं बोलायला त्यांनी सुमनला निवडलं होतं. इतकी वर्षं पाहुण्यांची उठबस केलेली दुसरी बाई गावात एकच, शेजारची ग्वेंडा. तिनंच सुमनचं नाव सुचवलं होतं.

अडचण एवढीच होती, की पाहुणेपट्टी घ्यावी असा एकवीस पानांचा प्रस्ताव कौन्सिलमध्ये ज्या ऑफिसरनं लिहिला होता ती मधुमतीची मुलगी अक्षया होती. सुमनची नात.

"मुद्दा एक," अजय स्वतःच वाचू लागला. "पाहुणे शेजारच्या काउंटीत जातील. मुद्दा दोन, लहान धंद्यांवर कामाचा बोजा. मुद्दा तीन, बीच, रस्ते, टॉयलेट्स या सोयी देणं हे कौन्सिलचं काम आहे आणि त्यासाठी आपण आधीच टॅक्स भरतो…"

"पण बाबा, टॉयलेट तर आजी साफ करते," मायरा म्हणाली.

मायरा अजयची दहा वर्षांची मुलगी. ती कोपऱ्यातल्या टेबलावर कालच्या दिव्यांचं चित्र काढत होती.

"घरातलं नाही गं. मी पब्लिक टॉयलेटबद्दल बोलतोय."

"तेच. समुद्राजवळचा. आज सकाळी मी पण गेली होती. आजीनं मला येलो ग्लव्ह्ज दिले. मी सगळे टॉयलेट रोल लावले. सहा!"

अजयनं आईकडे पाहिलं. सुमन टेबलक्लॉथच्या घड्या घालत राहिली. मग त्यानं वडिलांकडे पाहिलं, तर डॉक्टरांनी पेपर तोंडापुढे धरला होता.

"आई, ही काय म्हणतेय?"

"मंगळवार आणि शुक्रवार माझे असतात," सुमन म्हणाली. "आज ग्वेंडाची पाळी होती, पण तिची कंबर धरलीय. कौन्सिलनं सहा वर्षांपूर्वी कुलूप घातलं ना, तेव्हा आम्ही पाचजणींनी किल्ली मागून घेतली. पोरंबाळं घेऊन लोक समुद्रावर येतात. त्यांनी जायचं कुठे?"

"सहा वर्षं? मधू, तुला माहीत होतं?"

"दादा, तू वर्षातून दोनदा येतोस," मधुमती दारातूनच म्हणाली. 'ओसरी' आता तीच चालवत होती. हातात चादरींचा ढीग होता. "माहीत असायला इथे असावं लागतं."

"अगं पण ती एकोणऐंशीची आहे! पस्तीस वर्षं या गावच्या जीपीची बायको म्हणून… आणि ती गावाची संडासं धुते? बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत?"

डॉक्टरांनी पेपर खाली घेतला. "मी बोललो. म्हटलं, मलाही काहीतरी काम द्या. माझ्याकडे कचऱ्याचे डबे आहेत."

मधुमतीला हसू आवरेना. अजय मात्र हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आईचे हात आले, रबरी मोज्यांतले, सकाळी सहाच्या वाऱ्यात. त्याला लाज वाटली, आणि नेमकी कशाची ते त्याला कळेना. आईच्या कामाची, की ते आपल्याला मुलीकडून कळावं याची. मिल्टन कीन्समधल्या घराची सफाई करायला दर गुरुवारी एक बाई येते, आणि तिचं आडनाव आपल्याला माहीत नाही, हेही त्याला त्याच क्षणी आठवलं.

त्यानं खिशातलं पेन काढलं. "ठीक आहे. मुद्दा तीन काढून टाकू."

"तीन काढलास की बाकीचे चार कशावर उभे राहणार?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात, बाबा?"

"मी पेशंटच्या बाजूनं. म्हणजे गावाच्या."

"कोणी काही काढू नका," सुमन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी विरोधच करणार आहे. कागदासाठी नाही आणि संघटनेसाठीही नाही. दमून-भागून माणूस माझ्या दारात येतो. त्याच्या हातात किल्ली द्यायची आणि म्हणायचं, थांबा हं, आधी गावाचे पैसे? दुसऱ्या चहाचे पैसे कधी लावले नाहीत मी. आमचं गाव आम्ही धुतो. पाहुण्यापुढे हात पसरायची वेळ अजून आलेली नाही."

"थांबा, थांबा! मला काही ऐकायचा नाही!"

अक्षया जिन्यातून उतरत होती. तिनं खरोखरच कानांवर हात ठेवले होते.

"आजी, मी ऑफिसर आहे. तू काय बोलणार ते मला ट्यूसडेलाच कळायला पाहिजे, हॉलमध्ये, सगळ्यांबरोबर. नाहीतर लोक म्हणणार की घरात बसून ठरवला."

"अगं, मी विरोधात—"

"आजी! प्लीज."

तिनं खुंटीवरचा कोट ओढला आणि ती निघून गेली. ती रस्ता ओलांडून समुद्राकडे चालत जाईपर्यंत सुमन खिडकीतून पाहत होती. अक्षयाचं मराठी मोडकं होतं, पण चाल कशी सरळ होती.

"हे असलं कोणी शिकवलं हिला?" सुमन म्हणाली.

"गावच्या शाळेचे पेपर तपासायला घ्यायचीस ना, त्यात ग्वेंडाच्या नातवाचा पेपर ओळखीचा म्हणून तू परत पाठवला होतास," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा ही याच टेबलाखाली खेळत होती."

*

दुपारी विनय आणि त्यांची बायको वैजयंती निघाले. विनय डॉक्टरांबरोबर पुण्याला शिकले होते. आता ते बेसिंगस्टोकला मुलापाशी राहत. त्यांच्या गाडीत डबे ठेवता ठेवता मधुमतीच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. तिला पाहुणेपट्टी नको होती. नवी नोंदणी, नवे फॉर्म, बिलावर नवी ओळ, आणि त्याबद्दल कुरकुरणारे लोक, हे सगळं तिच्याच वाट्याला येणार होतं. पण अक्षयानं तो प्रस्ताव लिहिताना घालवलेले शनिवार-रविवारही तिनंच पाहिले होते. पोरीनं अख्ख्या ऑगस्टमध्ये बीचवर फिरून माणसं मोजली होती. हिवाळ्यात चार हजारांचं गाव उन्हाळ्यात वीस हजारांचं होतं, आणि कचऱ्याचे डबे, दिवे, जीवरक्षक मात्र चार हजारांपुरतेच राहतात, हे तिनं आकड्यांनी मांडलं होतं. आई विरोधात बोलली तर गाव आईचं ऐकेल, हे मधुमतीला ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या लोकांच्या जन्माला तिचे वडील हजर होते, आणि उरलेल्यांनी तिच्या आईच्या हातचं खाल्लं होतं.

"येतो हं वहिनी," विनय म्हणाले. सगळ्यांच्या पाया पडणं, मिठ्या मारणं झालं. मग त्यांनी पाकिटातून वीस पौंडांची नोट काढली आणि मायराच्या हातावर ठेवून तिची मूठ मिटली.

"अहो, हे कशाला? काही नको, भावजी," सुमन म्हणाली.

"असू दे. खाऊला."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मायरा अजून मूठ मिटूनच उभी होती.

"आजी, तू नको म्हणालीस. मग मी परत द्यायचा होता का?"

"नाही गं राणी. ते तुझेच."

"मग तू खोटं नको म्हणालीस?"

मधुमती हसली आणि आत जाऊ लागली. पण सुमन दारातल्या पायरीवर बसली आणि तिनं मायराला शेजारी बसवून घेतलं. मुलांनी प्रश्न विचारला की हातातलं काम बाजूला ठेवायचं, ही तिची जुनी सवय. अक्षयाला तिनं याच पायरीवर बाराखडी शिकवली होती.

"हे बघ. ते आपल्याकडे किती रात्री राहिले?"

"दोन."

"खोलीचे पैसे घेतले का आपण? जेवणाचे?"

"नाही."

"मग हे कशाचे?"

मायरानं विचार केला. "स्वीट्सचे?"

"खाऊ म्हणजे नुसत्या गोळ्या-चॉकलेटं नव्हेत. पाहुणा निघताना घरातल्या लहानांच्या हातावर काहीतरी ठेवतो. त्याचा अर्थ असा की, तुमच्या घरात मी सुखानं राहिलो. आता हे घर पुढे ज्यांनी चालवायचं, त्यांच्यासाठी माझ्याकडून थोडंसं. ते त्यांनी मला दिले असते, तर मी घेतले नसते."

"कारण तू मोठी आहेस."

"कारण मग तो मोबदला झाला असता. मी एकदा नको म्हणायचं, तो आपला मान. पण दुसऱ्यांदा नको म्हटलं की त्यांचा अपमान होतो. त्यांना रिकाम्या हातानं घालवल्यासारखं होतं."

मायरानं मूठ उघडून नोट पाहिली. "आणि ते रूम्समधले लोक? इंग्लंडवाले, जर्मनीवाले. ते निघताना देतात का खाऊ?"

"ते कसे देतील? ते काय आपले नातेवाईक आहेत?"

"पण ते इथे सुखानं राहतात ना? तूच म्हणतेस, पाहुणा तो पाहुणा."

सुमननं समोरच्या बागेकडे पाहिलं.

"मे बी त्यांना रूल माहीत नाही," मायरा म्हणाली. "कोणी सांगितलाच नाही त्यांना. मी तर म्हटला असता, हे घ्या, मुलांसाठी."

एवढं बोलून ती नोट दाखवायला आत पळाली. सुमन तिथेच बसून राहिली. मधुमती चादरी आत ठेवून परत आली तरी ती उठली नव्हती. समोरच्या बागेत मुलांसाठी उथळ तलाव होता. तो तीन वर्षं कोरडाच होता आणि त्यात कोणीतरी शॉपिंगची ट्रॉली टाकून दिली होती. सुमन त्या ट्रॉलीकडे पाहत होती.

पाच वाजता तिनं कोट घातला.

"कुठे निघालीस?"

"ग्वेंडाकडे."

एरवी ती ग्वेंडाकडे गेली की तास मोडायचा. त्या दिवशी दहा मिनिटांत परत आली.

"काय सांगितलंस तिला?" मधुमतीनं विचारलं.

"जे मंगळवारी सांगणार आहे ते. संघटनेनं दुसरा माणूस शोधावा, हेही. मागाहून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं." सुमन कोटाची बटणं काढत होती. एक बटण निघेना. "तिनं चहा विचारला नाही, मधू. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

मधुमतीनं पुढे होऊन ते बटण काढून दिलं.

"आणि काम तुझंच वाढणार आहे," सुमन म्हणाली. "ते तुला आधी विचारायला हवं होतं. चालेल का?"

चालणार नव्हतं. आईनं इतक्या वर्षांत प्रथमच विचारलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची हीच संधी होती. मधुमतीनं कोट खुंटीला लावला. "फॉर्म दादाकडून भरून घेईन," ती म्हणाली. "मुद्दे काढायची फार हौस आहे ना त्याला."

*

मंगळवारी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. अक्षया पुढच्या टेबलाशी होती. तिच्यापुढे लॅपटॉप होता आणि बाजूला वक्त्यांची यादी व घड्याळ. संघटनेनं सोमवारी आपल्या वक्त्याचं नाव बदललं होतं. सुमनच्या जागी ग्वेंडा प्राइस. तरीही सुमनचं नाव यादीत होतंच, 'नागरिक' म्हणून. त्याचा अर्थ काय असेल, यावर अक्षयानं रात्रभर विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, आणि तसा तो केलाही नव्हता. फार थोडाच केला होता.

"पुढच्या वक्त्या माझ्या आजी आहेत," ती माइकमध्ये म्हणाली. हे जाहीर करणं नियमाला धरून होतं. "त्या काय बोलणार हे मला माहीत नाही."

मागून कोणीतरी मोठ्यानं हसलं. "माझीही आजी तशीच होती!"

सुमन निळ्या काठाच्या साडीवर जाड कार्डिगन घालून उभी राहिली. हातात कागद नव्हता. गॅलरीत अजय पुढे वाकून बसला होता.

"बोरे दा," सुमननं वेल्शमध्ये सुप्रभात म्हटलं आणि पुढे इंग्रजीत बोलू लागली. "परवापर्यंत मी विरोध करणार होते. पाहुण्याकडे पैसे मागणं मला कमीपणाचं वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

"माझ्या माणसांत एक रीत आहे. घरी राहिलेला पाहुणा निघताना त्या घरच्या मुलांच्या हातावर थोडे पैसे ठेवतो. ते खोलीचं भाडं नसतं. यजमानाला द्यायचे नसतात, आणि यजमानानं त्यांना हात लावायचा नसतो. एकेचाळीस वर्षं मी या गावात पाहुणे उतरवले. त्यांचं भाडं मला मिळालं. गावच्या मुलांना त्यांनी काही दिलं नाही. त्यात त्यांची चूक नाही. आम्ही कधी सांगितलंच नाही. आमच्या मुलांचा तलाव कोरडा पडला, आणि आम्ही लाजत राहिलो.

"तेव्हा मी माझ्या दारात सांगेन. किल्ली देताना, तोंडानं, हसून. पण माझ्या अटी आहेत." तिनं एक बोट वर केलं. "हे पैसे कौन्सिलचे नाहीत. तुम्ही यजमान आहात, तुम्ही त्यांना हात लावायचा नाही. तुमच्या बजेटमधली भोकं यातून बुजवायची नाहीत." दुसरं बोट. "समुद्रावरचं टॉयलेट आम्ही पाच बायका सहा वर्षं फुकट धुतोय. सर्वांत लहान आहे ती सदुसष्ट वर्षांची. तिथे पगारी माणूस नेमा, आणि त्याला चांगला पगार द्या. ते काम मी केलंय, त्याची किंमत मला माहीत आहे."

टाळ्या मागून सुरू झाल्या. अध्यक्षांनी हात वर केला. एक जाडसर कौन्सिलर पुढे झुकले.

"मिसेस टिपणीस, हे भाषण तुम्हाला तुमच्या नातीनं लिहून दिलं का?"

अक्षयाचे कान तापले. तिला उत्तर द्यायची मुभा नव्हती.

"नाही," सुमन म्हणाली. "तिला एकवीस पानांच्या आत काही लिहिता येत नाही."

आता अध्यक्षही हसले. हशा ओसरेपर्यंत सुमन थांबली आणि त्या कौन्सिलरकडे पाहून शांतपणे म्हणाली, "रविवारी मी तिला सांगायला गेले, तर कानांवर हात ठेवून घराबाहेर पडली. तुम्ही तिला पगार देता. तुम्हाला हे माहीत असावं."

कौन्सिलर मागे टेकले. घड्याळात अकरा सेकंद उरले होते. गॅलरीतल्या एका बाईनं अजयला काहीतरी विचारलं आणि तो छाती पुढे काढून तिला सांगू लागला, ते अक्षयाला दिसलं. काय सांगत होता ते ऐकू आलं नाही.

नोंदीत लिहायचं होतं ते तिनं लिहिलं. 'श्रीमती सुमन टिपणीस, नागरिक. दोन अटींसह पाठिंबा.' नोंदीत नातं लिहायची पद्धत नसते. तिनं मान वर करून आजीकडे पाहिलं. आजीनंही पाहिलं, पण एखाद्या ऑफिसरकडे पाहावं तसं, आणि मान लववली. निर्णय दुपारनंतर होणार होता. तो काहीही लागला तरी ही मान लववणं आपण विसरणार नाही, असं अक्षयाला वाटलं.

तिनं घड्याळ पुन्हा लावलं आणि यादी पाहिली.

"मिसेस ग्वेंडा प्राइस. गेस्टहाउस संघटनेतर्फे, विरोधात."

ग्वेंडा काठी टेकत, कंबर सांभाळत मधल्या वाटेनं आली. ती सुमनपेक्षा वीतभर बुटकी. सुमन माइकपासून बाजूला झाली होती, पण गेली नव्हती. तिनं माइकची मान धरून ती ग्वेंडाच्या तोंडापर्यंत खाली वाकवली आणि स्क्रू पिळून घट्ट केला. ग्वेंडानं तिच्याकडे पाहिलं नाही. हातातली काठी मात्र तिच्या हातात दिली, कागद धरायला दोन्ही हात हवे होते म्हणून.

सुमन ती काठी घेऊन पहिल्या रांगेत बसली, आणि आपल्याविरुद्धचं भाषण शेवटच्या शब्दापर्यंत लक्ष देऊन ऐकत राहिली.